डाव्या बाजूची चूण

माझ्या ट्रंकेच्या तळाशी आक्काची एक चोळी आहे. अंजिरी खणाची, कोपरापर्यंत बाह्यांची, समोर गाठ मारायची. उलटी करून पाहिली तर डाव्या बाजूला सुईची भोकं दिसतात, एकमेकींशेजारी दोन-तीन ओळींत. तिथं एक चूण होती. ती कधी घातलेली असे, कधी उसवलेली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नसे. मला कळायचं, कारण ती का घातली आणि का उसवली हे घरात आक्काखालोखाल मलाच ठाऊक होतं.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला निपाणीत दिली होती. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मामांची तंबाखूची वखार होती. दिवाळीत आम्ही बेळगावहून तिकडं गेलो की घरात शिरताच तो उग्र गोडसर वास यायचा, अंथरुणाला, पाण्याच्या तांब्यालासुद्धा. पहिल्या दिवशी डोकं चढायचं. दुसऱ्या दिवसापासून वास यायचाच बंद होई आणि आपण निपाणीला आलो असं वाटू लागे.

आक्का माजघराच्या खिडकीशी बसून चोळ्या शिवायची. आळीतल्या नव्या नवरीची पहिली चोळी तिच्याच हातची. माप घेत नसे. मुलगी दारातून आत येऊन पाट घेऊन बसेपर्यंत बघायची आणि कात्री लावायची. मला तिच्याजवळ बसायला आवडे, कारण ती बोलायला लावत नसे. मी अबोल होते. वडिलांनी मला कॅम्पातल्या नन्सच्या शाळेत घातलं होतं. तिथं इंग्रजी बोलावं लागे आणि घरी मराठी, शेजारी कन्नड. तीन भाषा असून मी कुठल्याच भाषेत दोन वाक्यांच्या वर जात नव्हते. आक्का मला दोरा ओवायला द्यायची आणि आपलं काम करायची. शिवताना ती दोन गोष्टी कधी चुकली नाही. आत भरपूर माया सोडायची, म्हणजे बाई भरली तर चोळी वाढवता यावी. आणि प्रत्येक खणाचा एक तुकडा चोळीच्या मालकिणीला बांधून द्यायची. ठिगळ लावायचं तर त्याच कापडाचं, असं तिचं म्हणणं. दुसरं कापड धुण्यात आटतं, ताण देतं आणि चांगल्या कापडालाही फाडतं.

लढाईच्या दिवसांत, मी चौदा-पंधरा वर्षांची असताना, आक्काला बेळगावला आणलं. सर्व्हिस मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची. निपाणीहून निघालेली मोटार दोन चढांवर थांबली, उतारू खाली उतरून चालले, म्हणून त्यांना यायला संध्याकाळ झाली. आक्का उतरली तेव्हा तिचा डावा हात पदराखाली होता आणि तो तिनं दुसऱ्या दिवशी जेवतानाही बाहेर काढला नाही. गाठ बरेच महिने होती. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मिशनच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढली. हे मला कुणी सांगितलं नाही; आईनं आक्काच्या पेटीतल्या चोळ्या एकदा हातात घेतल्या आणि परत ठेवल्या, त्यावरून मी समजले.

दवाखान्यात रोज जायचं काम माझ्याकडं आलं. आम्ही जैन. आक्का सूर्य मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेत नसे आणि पाणीही घरून नेलेल्या फडक्यातून गाळलेलंच. दवाखान्याचं जेवण दिवेलागणीला यायचं. म्हणून शाळा सुटली की मी घरी येऊन डबा घ्यायची आणि उन्हं उतरायच्या आत रेल्वेचे रूळ ओलांडून दवाखाना गाठायची. हिवाळ्यात दिवस लहान. मी जवळजवळ पळतच जायची. आक्का खाटेवर बसून खिडकीतून ऊन कुठवर राहिलंय ते बघत असायची. एकदा मी पोचले तेव्हा ऊन समोरच्या सुरूच्या शेंड्यावर तेवढं उरलं होतं. ती म्हणाली, “शेंडा हाय तवर दिवस हाय,” आणि चार घास भराभर खाल्ले.

दुसरं काम दुभाष्याचं. जुन्या डॉक्टरीणबाई मराठी चांगलं बोलत, पण त्या रजेवर गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना ‘उठा’, ‘झोपा’ आणि ‘दुखतं का’ एवढंच येई. वडील कोर्टात कामाला, म्हणून मी. बाई बोलायच्या, मी ऐकायची आणि आक्काला जेवढं सांगता येईल तेवढं सांगायची. ‘ताप उतरला म्हणतात.’ ‘आणखी आठ दिवस म्हणतात.’ त्यांच्या दहा वाक्यांचं माझ्याकडून एक निघे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही; सगळ्यांना माझा स्वभाव माहीत होता.

पहिल्या ऑपरेशननंतर एक गोष्ट झाली होती, ती इथंच सांगते. आत घातलेले टाके मेंढीच्या आतड्याच्या दोऱ्याचे असतात, असं वॉर्डातल्या आयानं आक्काला सहज सांगितलं. त्या दिवसापासून आक्कानं तूप सोडलं. घरी आईला वाटलं तोंडाची चव गेली. ते प्रायश्चित्त होतं, हे मला फार उशिरा कळलं.

जखम भरत नव्हती. कातडी इतकी काढावी लागली होती की कडा एकमेकींना पोचत नव्हत्या. महिना झाला, दीड झाला. ड्रेसिंग बदलताना मला बाहेर उभं करत आणि मी व्हरांड्यातल्या फरश्या मोजत असे. एके दिवशी मामा निपाणीहून आले होते तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. तापाच्या तक्त्याची मागची बाजू घेतली, पेन्सिलीनं एक बाई काढली आणि समजावू लागल्या. छातीच्या खालची, पोटाच्या वरच्या भागाची कातडी आतल्या चरबीसकट तीन बाजूंनी सोडवायची. चौथी बाजू अंगाला तशीच ठेवायची, म्हणजे रक्त येत राहील. मग ती वर वळवून जखमेवर बसवायची. दुसरीकडून काही आणायचं नाही, सगळं पेशंटचंच. जखम बंद होईल, आणि पूर्वीसारखं नाही तरी अगदी सपाटही दिसणार नाही. हे केलं नाही तर जखम अशीच राहील, चिघळेल आणि मग पावसाळा निघणं कठीण.

मला सगळं कळलं होतं. पण माझ्याकडं त्या जागांची नावं मराठीत नव्हती. म्हणजे होती, पण कधी तोंडातून निघाली नव्हती. इंग्रजीतली होती ती कवितेच्या पुस्तकातली. समोर मामा उभे होते, टोपी हातात धरून, जमिनीकडं बघत. पेन्सिलीनं काढलेल्या त्या बाईच्या अंगावर काही नव्हतं. मी तक्ता उलटा करून खाटेवर ठेवला आणि म्हणाले,

“जखमेवर कातडं बसवणार म्हणतात. नाहीतर भरणार नाही.”

मामांनी आक्काकडं बघितलं. आक्कानं पदर घट्ट केला. मामा सावकाश म्हणाले, “न्हाय म्हणावं त्यास्नी. असलं काय नगं. हाय तसंच घरी न्हेतो.”

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की ते नको म्हणतात. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला विचारलं, नीट सांगितलंस ना? मी हो म्हटलं.

त्या रात्रीच्या माझ्या झोपेविषयी लिहीत नाही. चांगली लागली होती, हे खरं आहे. आपलं काम झालं, असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर आक्काचं बोचकं बांधलेलं. मामा उद्याच्या मोटारीची जागा सांगून आले होते. आक्कानं डब्याला हात लावला नाही. अष्टमी नव्हती, चतुर्दशी नव्हती. तिनं आपला उपास धरला होता. चेहरा अगदी शांत होता आणि त्या शांतपणाची मला भीती वाटली. मामा आमच्याकडं पाठ करून खिडकीशी उभे होते. आक्कानं मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली,

“तू शिकलीयास म्हणून इचारते. जनावराचं कातडं माणसाच्या अंगाला धरतं व्हय गं?”

मला आधी काही कळेना. मग एकदम सगळं कळलं. आमच्या घरात बस्तीत, म्हणजे जैन देवळात, जाताना पुरुष कमरेचा पट्टासुद्धा काढून ठेवतात. आक्कानं जन्मात चामड्याची चप्पल पायात घातली नव्हती; निपाणीच्या उन्हात अनवाणी जायची. मेंढीच्या आतड्याचा दोरा अंगात घालणारी माणसं आता वर कातडंही लावणार, असं तिनं धरलं होतं, आणि त्यापेक्षा जखमेनं गेलेलं बरं असं ठरवून टाकलं होतं. कुणाचं कातडं ते मी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं, तेवढं त्यांना आपोआप कळेल. खरं तर तेवढंच बोलायचं मी टाळलं होतं.

“जनावराचं नाही, आक्का,” मी म्हटलं. “तुझंच.”

“माझं कुठलं?”

मामा तिथंच होते. मी त्यांच्या पाठीकडं बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं. “तुझ्या पोटावरचं. वर वळवून छातीवर बसवणार.”

मामांची पाठ हलली नाही. आक्का माझ्याकडं बघत राहिली. तिला पटलं की नाही कळेना, म्हणून मी तिचं बोचकं सोडलं. त्यात एक बेतलेला, अजून न शिवलेला खण होता. रिकामे हात नकोत म्हणून आणला होता. मी तो गादीवर पसरला. कात्री मागितली. आक्कानं ती स्वतः काढून दिली, आणि एवढ्या चांगल्या खणाला मी कात्री लावतेय हे बघूनही अडवलं नाही. मी तीन बाजूंनी कापलं. चौथी बाजू राहू दिली. तो तुकडा उचलून वरच्या बाजूला वळवला.

“तोडायचं नाही. इथं जोडलेलंच राहणार. कापड तेच, जागा तेवढी दुसरी.”

आक्कानं वळवलेला तुकडा बोटांनी सारखा केला. उघड्या पडलेल्या जागेवर हात ठेवला. “आन् हितं?”

“दोन्हीकडून ओढून शिवणार.”

“मावंल?”

डॉक्टरीणबाई कालच म्हणाल्या होत्या की पाच मुलं झालेलं पोट आहे, कातडी सैल आहे, ते बरं झालं. मी आक्काला तिच्या भाषेत सांगितलं, “पाच बाळंतपणांची माया आहे आत. मावेल म्हणाल्या.”

तेव्हा ती हसली. हसताना जखमेवर हात दाबून धरला. मग हसू थांबवून विचारलं, “ह्ये काल का न्हाय बोललीस?”

“लाज वाटली.”

“कापणार मला,” ती मामांच्या पाठीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “आन् लाज हिला.”

मामा वळले. त्यांचे डोळे ओले होते. एवढंच म्हणाले की मोटारवाल्याला सांगून येतो, उद्या जागा नको. दारापर्यंत जाऊन परत आले आणि आक्काला विचारलं, “दोरा इचारलास का?”

टाक्यांचा दोरा कशाचा, हे विचारायचं काम माझ्याकडंच आलं. मी स्वतःहून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. आदल्या दिवशी मी नीट सांगितलं नव्हतं हेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची दाखवली आणि पुढं त्या मला प्रत्येक वाक्य परत बोलून दाखवायला लावत. दोऱ्याचं ऐकून त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, साधा सुती दोरा उकळून वापरता येतो. लढाईमुळं नाहीतरी दुसरा मिळायला त्रासच होता. आक्काला सुती म्हटल्यावर बरं वाटलं. रिळाचा नंबर कितीचा, असंही तिनं विचारलं. ते मी बाईंपर्यंत नेलं नाही.

ऑपरेशन दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन टप्प्यांत केलं. त्यानंतर बरेच दिवस आक्काला पाठ सरळ करता येत नव्हती. उशांच्या राशीवर पुढं वाकून बसायची, जणू काही खाली पडलेलं शोधते आहे. डॉक्टरीणबाईंनी उपास बंद करायला सांगितले. चरबी जगायला हवी, खायला हवं. आक्कानं अष्टमी सोडली, चतुर्दशी सोडली नाही, आणि तूप परत सुरू केलं. रोज सकाळी बाई बोटानं दाबून बघायच्या, पांढरी जागा परत गुलाबी होते का. चौथ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि मीही बघितलं. दाबलं, पांढरं झालं आणि मग रंग परत आला. डॉक्टरीणबाई हसल्या आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या, “चांगलं.” हा शब्द त्यांना तोवर येत नव्हता, मी नकळत शिकवला असणार.

आक्का त्यानंतर पाच वर्षं जगली. शेवटी दुखणं परत आलं, पण पाच वर्षं मिळाली. त्यातल्या प्रत्येक दिवाळीला मी निपाणीला होते आणि आता मागं वळून बघते तेव्हा ती पाच वर्षं मला बालपणापेक्षा जवळची वाटतात. न्हाणीघरात तिला पाठीवर पाणी घालायला मी असायची. डावा हात तिला फार वर जात नसे. पहिल्यांदा मी नजर चुकवली. ती म्हणाली, “बघ की. तूच तर बेतलंयस.”

तिथं एक उंचवटा होता, उजव्यापेक्षा लहान, थोडा खाली उतरलेला. टोक नव्हतं. पोटावरचे बाळंतपणाचे पांढरे वळ तिरपे होऊन वर आले होते, आणि एक तीळ. तो पूर्वी बेंबीच्या वर होता म्हणे. आक्का म्हणायची, माझा तीळ वरच्या मजल्यावर राहायला गेला. त्या जागेवर पाणी पडलं की तिला ते पोटावर पडल्यासारखं वाटे. कधीकधी ती छाती खाजवायची आणि हसायची, कारण खाज पोटाला सुटलेली असे.

पुढं भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व आलं. मामांनी, आईनं, सगळ्यांनी सांगूनही तिनं दहा दिवस एकभुक्त केलं. सहा-सात दिवसांनी ती चोळी घालताना थांबली. डावीकडं कापड सुटत होतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की पोट आत गेलं तशी वरची ती जागाही बारीक झाली आहे. वर राहायला गेली तरी पोटाचाच हिशोब पाळते आहे. तिला याची फार गंमत वाटली. आत एक चूण घातली. पर्व संपलं, दूधभात, पुरणपोळी सुरू झाली आणि महिन्याभरात चूण उसवावी लागली. दरवर्षी हेच. चूण बघून आक्काचे उपास कितवर आलेत हे मला कळायचं.

मी अजूनही फार बोलत नाही. पण कॉलेज सुटल्यावर आठवड्यातून दोनदा त्या दवाखान्यात जाते. कन्नड आणि मराठी बायकांचं डॉक्टरीणबाईंना सांगते, त्यांचं बायकांना सांगते. सगळी वाक्यं सांगते. नवरे समोर असले तरी.

शेवटच्या वर्षी दशलक्षण संपल्यावर आक्काला सुई धरवेना. तिनं मला बोलावून घेतलं. मी निपाणीला पोचले तेव्हा पारणं होऊन तीन आठवडे झाले होते. ती खिडकीशी बसली होती. चेहरा उतरला होता, पण चोळी डावीकडं घट्ट झाली होती. तिनं गाठ सोडली, चोळी काढून माझ्या हातात दिली आणि पदर ओढून घेतला.

“उसव,” ती म्हणाली. “भरली बघ परत.”

मी खिडकीच्या उजेडात चोळी उलटी केली आणि टाके एकेक करून काढले. दोरा तिनं फेकू दिला नाही, बोटाला गुंडाळून ठेवला. पुढच्या वर्षी लागेल म्हणाली.